डाव्या हाताचा उन्हाळा

यंदा लू एप्रिल सरायच्या आतच सुटली. सकाळी नऊला रस्त्यावरचं ऊन पांढरं दिसायला लागतं, अकराला कुत्री नाल्यात उतरतात आणि बाराच्या सुमाराला आमच्या झाशीच्या सीपरी बाजारातली दुकानं अर्धी शटरं ओढून घेतात. मग ती येते. तिला वारा म्हणायचं ते केवळ सवयीने. भट्टीचं दार उघडल्यावर तोंडावर यावा तसा तो झोत असतो. इथली माणसं खिशात कांदा टाकून बाहेर पडतात, पन्हं पितात, डोक्याला गमछा गुंडाळतात. माझा जन्मच इथला. लूची मला कधी भीती वाटली नाही.

भीती वाटते ती दुपारी खिडक्या लावून घेतल्यावर खोलीत जो मंद, हिरवट उजेड उरतो त्याची. कूलरची घरघर, ओल्या खसचा वास, आणि तो उजेड. त्यात मला अजूनही साडेचार वर्षांची एक मुलगी फरशीवर बसलेली दिसते. तिच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत निळ्या कापडाची पिशवी चढवलेली आहे. पुढ्यात वाटी आहे. ती माझ्याकडे बघत नाही.

ती सई, आमची मुलगी. हे नाव इथे कुणाला नीट कळलंच नाही. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण चाचीपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे तिला ‘साई बेटा’ म्हणत. मी इंटर कॉलेजात गणित शिकवत असे. आमचं घराणं कधीकाळी गुरसरायला कारकुनी करायला देशावरून आलं आणि इथलंच होऊन गेलं, त्यामुळे माझ्या मराठीत ‘मतलब’ आणि ‘अरे यार’ पेरलेले असतात. माझ्या बायकोची, वसुधाची, मराठी साताऱ्याची. तिचे वडील फौजेत. त्यांची बदली इथून जवळच्या बबिन्याच्या छावणीत झाली तेव्हा आमचं लग्न जमलं. ती पोस्टात काउंटरवर बसायची.

सई सात महिन्यांची असताना मी स्टाफरूममध्ये एक बढाई मारली होती. म्हणालो, आमची पोर आत्तापासूनच उजवी आहे. चमचा, खुळखुळा, माझा चष्मा, सगळं उजव्याच हाताने ओढते. एक सहकारी म्हणाले, “मास्साब की बेटी है, तेज तो होगी ही.” मला फार बरं वाटलं. त्या वयाच्या बाळाला उजवं-डावं नसतं. ते दोन्ही हातांनी दिसेल ते ओढतं. एकच हात पुढे येत असेल तर त्याचा अर्थ दुसरा येत नाहीये. हे मला कळायला आणखी दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात तिची डावी मूठ मिटलेली होती, अंगठा आत. आंघोळ घालताना वसुधा एकेक बोट सोडवून आतला मळ पुसायची. तिने मला दोनदा विचारलं होतं, “अहो, हा हात असा का?”

मी म्हणालो होतो, “झोपेत अंगाखाली दबला असेल.”

सई चालायला लागली तीही उशिरा, डाव्या पायाची टाच न टेकवता. तोवर मालिशवाली झाली होती, नवस झाले होते, ‘कुछ बच्चे देर से चलते हैं’ म्हणणारे डॉक्टरही झाले होते. शेवटी ग्वाल्हेरला एका मोठ्या डॉक्टरांनी तिच्या मेंदूचा फोटो काचेवर लावला. उजव्या बाजूला एक काळा डाग होता, बोराएवढा. जन्माच्या आसपास कधीतरी तिथे रक्त पोचलं नव्हतं. “सेरेब्रल पाल्सी,” ते म्हणाले. उजवा मेंदू डावी बाजू हलवतो, म्हणून डावा हात आणि डावा पाय.

“दिमाग का जो हिस्सा गया, वो गया,” त्यांनी सांगितलं. “पर आसपास का हिस्सा काम उठा सकता है. बच्चों में ज्यादा. जिस हाथ से काम लोगे, दिमाग उसके लिए जगह बनाएगा. जिससे नहीं लोगे, उसकी जगह कोई और ले लेगा.”

“कब तक?” मी विचारलं.

“कोई तारीख नहीं होती, मास्टर साहब. पर शुरू के साल कीमती होते हैं.”

घरी परतताना गाडीत वसुधा सईला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. मला मात्र एकच वाक्य ऐकू येत होतं: शुरू के साल. त्यातली दोन वर्षं मी स्टाफरूममध्ये बढाया मारत घालवली होती. डॉक्टरांनी तारीख नाही म्हटलं, पण तारीख नसलेली गोष्ट मला समजत नाही. मीच मनात ठरवून टाकलं की पाच. पाचव्या वाढदिवसाला एक दार लागणार आणि जे आत गेलं नाही ते बाहेर राहणार.

निगार दीदींचं केंद्र तेव्हा कचहरीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत होतं. त्या फिजिओथेरपिस्ट, पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, मुलांशी कधी आवाज न चढवणाऱ्या. सई त्यांच्याकडे दोन वर्षं जात होती. पायात आधाराच्या पट्ट्यांचा बूट आला, चालणं सुधारलं, पण हात तिथेच. सई डाव्या हाताकडे बघतच नसे. उजव्या हाताने तिने सगळं इतकं छान निभावून नेलं होतं की दुसऱ्या हाताची तिला गरजच उरली नव्हती. साडेचार वर्षं झाली, आणि मला दाराच्या बिजागऱ्या करकरताना ऐकू यायला लागल्या.

त्या मे महिन्यात कॉपी, मतलब उत्तरपत्रिका, तपासून झाल्या, कॉलेज बंद झालं, आणि निगार दीदी म्हणाल्या, “एक तरीका है. अच्छे हाथ को थोड़ी देर छुट्टी दे देते हैं.”

चांगला हात पिशवीत घालायचा. मग खेळायचं असेल तर डावा पुढे यावाच लागेल. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, आणि ते शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात, कारण त्यातला एकही मी पाळला नाही. “दिन में दो घंटे. सिर्फ खेल में. खाना इसमें नहीं, चलना-दौड़ना इसमें नहीं. गिरेगी तो खुद को बचाएगी किससे? और रोए, तो उतार दीजिए. तीन हफ्ते करके देखते हैं.”

वसुधाने पिशवी शिवली. निळ्या कापडाची, आतून मऊ मलमल, मनगटाशी बंद. अंगठ्याला वेगळी जागा नव्हती, म्हणून ती माशासारखी दिसे. सईने तिचं नाव ठेवलं मछली. पहिल्या दिवशी तर ती खूश होती. मछली हवेत पोहली, मछलीने माझ्या नाकाला पापी दिली. मी परातीत पाणी आणि स्पंज ठेवला, कणकेचे गोळे ठेवले, खरबुजाच्या बिया ठेवल्या. डावा हात झोपेतून उठवलेल्या माणसासारखा यायचा, चुकायचा, वाटीवर आपटायचा. सई हसायची. दोन तास झाले की मी बंद सोडायचो.

पाचव्या दिवशी मी तिच्यापुढे काकडीचा लांब तुकडा धरला. तिने डावा हात पुढे केला. मूठ अर्धी उघडली, थांबली, पुन्हा उघडली, आणि बोटं एकेक करून काकडीभोवती बसली. हात थरथरत वर गेला. काकडी आधी गालाला लागली, मग हनुवटीला, मग तोंडात गेली. कच्कन आवाज झाला.

“बाबा! मैंने खाया! ह्या हाताने!”

मी तिला उचलून घरभर नाचलो. खाली जाऊन चाचीला सांगितलं. वसुधा संध्याकाळी आल्यावर तिला पुन्हा करून दाखवायला लावलं. वसुधा स्वयंपाकघरात गेली, आणि बराच वेळ नळ नुसताच वाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्रैराशिक मांडलं. मुलांना मी वर्षानुवर्षं तेच शिकवत होतो. दोन तासांत एवढं, तर आठ तासांत किती? साडेचार वर्षं वाया गेली होती, हातात सहा महिने होते, आणि कॉलेज उघडायला दीड महिना. वसुधा साडेनऊला निघायची आणि साडेपाचला यायची. मी पावणेदहाला सईच्या हातावर मछली चढवली आणि साडेपाचपर्यंत उतरवली नाही.

“आईला सांगायचं नाही हं,” मी तिला म्हणालो. “आपलं गुपित. एक दिवस आपण आईला एकदम चकित करू.”

ती मान हलवून हो म्हणाली. तिला गुपितं आवडायची.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही. दुपारच्या जेवणाला वरण-भात कालवून ताट तिच्यापुढे ठेवायचो आणि समोर बसायचो. भात बोटांतून गळायचा. फ्रॉकवर, मांडीवर, फरशीवर. तोंडापर्यंत चार शितं पोचायची. मी भरवत नसे. भरवलं तर हात शिकणार नाही, असं मला वाटे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “भूख नहीं है.” चौथ्या दिवशी ताट ठेवायच्या आधीच म्हणाली. पाण्याचा पेला डाव्या हाताने धरता येत नसे, म्हणून ती पाणी मागायची बंद झाली. झाशीच्या उन्हाळ्यात, जिथे माणूस दर तासाला पाणी पितो. पिशवीच्या आत घामोळं उठलं. मी पावडर लावली आणि बंद पुन्हा बांधला.

सगळ्यात वाईट काय होतं सांगू? ती रडत नव्हती. पहिले दोन दिवस रडली. खालून चाचीने ओरडून विचारलं, “काए मास्साब, मोड़ी काए रो रई?” मोड़ी म्हणजे मुलगी. मी गच्चीतून सांगितलं, “कुछ नहीं चाची, जिद कर रही है.” त्यानंतर सईचा आवाज बंद झाला. साडेपाचला खाली फाटक वाजलं की ती आपणहून उठून माझ्यासमोर यायची आणि हात पुढे करायची. मी बंद सोडायचो, पिशवी कपाटात टाकायचो. वसुधा वर येईपर्यंत आम्ही दोघं हसत असायचो.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. जवळ गेलो तर ती पिशवीतल्या हाताने डाव्या हातावर मारत होती. हळू, एकसारखी. “गंदा हाथ. गंदा हाथ.” मी काय केलं? मी बघत उभा राहिलो. माझ्या लक्षात आलं होतं की मार चुकवायला डावा हात मागे सरकतोय, आधीपेक्षा चपळाईने सरकतोय. मी वही काढली आणि तारीख घालून ते लिहून ठेवलं. बापाला वेड लागतं तेव्हा ते असं लागतं, नीटनेटक्या अक्षरात.

ती वही मी पुढे जाळली.

एका दुपारी पोस्टात वीज गेली, उकाड्याने काउंटरवरची एक बाई चक्कर येऊन पडली, आणि वसुधाला लवकर सोडलं. दोन वाजले असतील. फाटक वाजलं. मी आतल्या खोलीत होतो. “आई आली!” असं ओरडून सई पळत सुटली. वेळ चुकीची होती, हातावर मछली होती, हे ती आनंदात विसरली. खोलीच्या उंबऱ्याला तिचा डावा पाय अडला.

मी ते पडणं पाहिलं. उजवा हात पिशवीत. तो फरशीवर घसरला. डावा हात पुढे यायला हवा होता. दहा-बारा दिवस, रोज आठ तास, ज्या हातासाठी मी हे सगळं केलं होतं, तो पुढे आला नाही. तो छातीशी आखडला. ती सरळ हनुवटीवर पडली.

वसुधा दारात उभी होती. सई उठून बसली. हनुवटीतून रक्ताची धार फ्रॉकवर उतरत होती. ती आईकडे न बघता माझ्याकडे बघत होती, आणि म्हणाली, “बाबा, मी नाही सांगितलं.”

वसुधा धावत आली. बंद सोडायला वेळ लागत होता म्हणून तिने पिशवी दातांनी फाडली. आत सगळा हात घामोळ्याने लाल झाला होता. पदर हनुवटीला लावून तिने सईला उचललं आणि जिना उतरली. मी चप्पल न घालताच मागे धावलो. डांबर पायाला चिकटत होतं. रिक्षात मी समोरच्या बाजूला बसलो होतो, आणि दोघींपैकी कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही. दवाखान्यात टाके घालताना मला बाहेर थांबवलं.

संध्याकाळी वसुधाने नेहमीसारखा कुकर लावला. सई पलंगावर हनुवटीला पट्टी लावून बसली होती. वसुधाने माझा पंचा आणला.

“बसा.”

“वसुधा, माझं ऐक...”

“बसा म्हणते ना.”

मी पाटावर बसलो. तिने माझा उजवा हात पाठीमागे घेतला आणि पंच्याने कमरेशी घट्ट बांधला. मग तिने ताटात वरण-भात कालवला आणि माझ्यापुढे ठेवला.

“जेवा. चमचा मिळणार नाही.”

“मला भूक नाही.”

“तिनेही हेच सांगितलं होतं ना तुम्हाला?” वसुधा म्हणाली. “दवाखान्यात सगळं बोलली ती माझ्याशी. टाके घालताना रडली नाही. विचारत होती, आता बाबा रागावतील का. जेवा.”

मी डावा हात ताटात घातला. माझ्या मेंदूत कुठेही डाग नाही. माझा डावा हात धडधाकट आहे. त्याने मी बादली उचलतो, सायकलचा ब्रेक दाबतो. तरी पहिला घास मांडीवर पडला. दुसरा हनुवटीवरून ओघळला. वसुधा समोर उभी होती, तोंडावर पदर धरून. मला पुढचं ताट दिसेनासं झालं.

पलंगावरून उतरल्याचा आवाज झाला. सई पाय ओढत आली आणि ताटाशी बसली. घामोळं उठलेल्या उजव्या हाताने तिने छोटा घास केला, बोटांनी दाबून नीट गोल केला, आणि माझ्या तोंडाशी धरला.

“रो मत, बाबा,” ती म्हणाली. “शाम को खुल जाता है.”

वसुधा तशीच खाली बसली. गाठ तिनेच सोडली, पण त्या रात्रीपासून पुढे कितीतरी महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही.

निगार दीदींकडे मी एकटा गेलो. सगळं सांगितलं, वहीसुद्धा दाखवली. त्यांनी पानं उलटली. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी वही मिटून परत दिली.

“मास्टरजी, दिमाग वही सीखता है जो बार-बार होता है. आपने इतने दिन उसे क्या सिखाया?”

“हाथ से पकड़ना...”

“नहीं. डर सिखाया. और डर में ये हाथ और कसता है, ये तो आप दो साल से देख रहे हैं.”

“शुरू के साल...” मी म्हणायला गेलो.

“हाँ, कीमती हैं,” त्या म्हणाल्या. “इसीलिए तो.”

पिशवी बंद झाली, कायमची. वसुधाने जूनभर रजा काढली. सकाळी सईला घेऊन ती केंद्रात जायची, आणि मी मागून जायचो. निगार दीदींनी आता दोन्ही हातांचे खेळ सुरू केले: कागद फाडायचे, डबीचं झाकण काढायचं, एका हाताने खरबूज दाबून धरून दुसऱ्याने गर काढायचा. पहिल्या दिवशी मी दाराजवळच्या बाकावर बसलो. सईचा डावा हात टेबलावर पसरलेला होता, बोटं सैल. तिने मान वळवली, मी दिसलो. मी फक्त जरा पुढे वाकलो होतो, आणखी काही नाही. बोटं आत गेली, अंगठा झाकला गेला, कोपर अंगाशी आलं.

निगार दीदींनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि बाहेर गेलो.

मग तो सगळा जून मी केंद्राबाहेरच्या निंबाखाली बसून काढला. आत जायला कुणी मनाई केली नव्हती. दहा वाजता सावली माझ्या अंगावर असायची, बारापर्यंत ती सरकून भिंतीकडे जायची, मी मात्र जागचा हलत नसे. लू गल्लीच्या तोंडातून शिरायची, धूळ आणि कागदाचे कपटे घेऊन यायची. ओठ फुटायचे. आतून कधी सईचं हसू ऐकू यायचं आणि मला कळायचं की या क्षणी तिचा हात उघडा आहे, आणि तो उघडा आहे कारण मी बाहेर आहे. यापेक्षा मोठी शिक्षा कुणाला सुचली नसती. ती मला कुणी दिलीही नव्हती. ती नुसती होती, हवेसारखी.

जुलैत कॉलेज उघडायच्या आधी आम्ही ग्वाल्हेरला गेलो. सईने डॉक्टरांसमोर डाव्या हाताने कागद दाबून धरला आणि उजव्या हाताने त्यावर सूर्य काढला. वाटी धरून दाखवली. काकडी मात्र तिने धरली नाही. पाचव्या दिवशी जी बोटं एकेक करून उघडली होती, ती तशी पुन्हा उघडली नाहीत, निदान माझ्यासमोर तरी नाहीत.

“अच्छा है,” डॉक्टर म्हणाले. “मदद करने वाला हाथ बन गया है.”

“और हो सकता था?” मी विचारलं. “अगर मैं...”

त्यांना काय घडलं ते माहीत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “पता नहीं,” ते म्हणाले. “ये कोई नहीं बता सकता.”

माझ्या आयुष्याचं ते उत्तर आहे. गणिताच्या माणसाला मिळालेलं. दोन तासांचे तीन आठवडे नीट केले असते तर त्या हाताने आज वेणी घातली असती का, बटण लावलं असतं का, की इतकंच झालं असतं? काळ्या डागाभोवतालच्या त्या जागेत काय तयार होत होतं आणि मी काय तुडवलं, हे कुठल्याही फोटोत दिसत नाही. मी मनात ठरवलेल्या पाचव्या वाढदिवसाच्या दाराचंही पुढे हसू झालं. पाचवा आला, गेला. सई नवव्या वर्षी दोन हातांनी पतंगाची चकरी धरायला शिकली. हॉस्टेलवर गेल्यावर, अठराव्या वर्षी, बरणी मांडीत आणि डाव्या पंजात अडकवून झाकण उघडायची युक्ती तिने स्वतःच शोधली. दार लागलंच नव्हतं. ते जड होत गेलं, इतकंच. मी मात्र ते लागतंय या धाकाने माझ्या मुलीचे हात त्यात चेंगरले होते.

आता ती बावीस वर्षांची आहे. भोपाळला कायदा शिकते, केस बारीक कापलेले असतात, आणि कुणी हाताबद्दल विचारलं तर एका वाक्यात सांगून विषय संपवते. सुट्टीला घरी आली आहे. परवा दुपारी ती पलंगावर मांडी घालून वाचत होती, जाड पुस्तक डाव्या पंजाने दाबून धरलेलं. कूलर बिघडला होता, आणि ‘आज येतो, उद्या येतो’ करणारा मिस्त्री मी फोनवर पकडला होता. माझा आवाज चढला. मास्तरांचा आवाज चढतो तसा.

पुस्तक फटकन मिटलं. ते तिच्या मांडीवर घसरलं.

“बाबा, आवाज,” ती म्हणाली.

“अगं, तुला नाही. त्या कूलरवाल्याला बोलतोय.”

“मला माहीत आहे.” तिने मिटलेली मूठ किंचित वर केली. “याला माहीत नाही.”

मी फोन ठेवला. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तोंडून गेलं. “सई, तुला तो उन्हाळा आठवतो?”

“नाही.” तिने खरंच विचार केला. “पिशवीही नाही, पडलेलंही नाही. आईने सांगितलं म्हणून माहीत आहे. तुमचा राग म्हणाल तर तोही नाही, बाबा. शोधून पाहिला मी.”

“मग हे?”

“शिकलेलं सगळंच कुठे आठवतं आपल्याला?” ती म्हणाली. “चालायला शिकल्याचंही मला आठवत नाही.”

मला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची होती, किंवा तो हात माझ्या हातात घेऊन बोटं सोडवायची होती, वसुधा आंघोळीच्या वेळी सोडवायची तशी. मी पुढे सरकलो.

“नको,” सई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती फक्त सवयीची एक गोष्ट सांगत होती. “ओढलं की जास्त मिटते. तुम्ही नुसते बसा जरा. उघडेल.”

मी पलंगाच्या कडेला बसलो. बंद खिडकीवर लू धडका देत होती. सई मुठीकडे बघत नव्हती, मी बघत होतो. खूप वेळाने करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. अंगठा अजून आतच होता. मी बसून राहिलो.